वऱ्हाड अधिक ७६८

नेर, आर्णी, दिग्रस. यवतमाळच्या बसस्थानकावर रोज ऐकू येणारी ही तीन नावं एकदा कागदावर लिहून बघा. तिन्हींत र आहे, पण एकासारखा दुसरा नाही. नेरमधला र सुटा, आपल्या पायावर उभा. आर्णीतला र ‘ण’च्या आधी उच्चारायचा, पण लिहिताना उडी मारून थेट ‘णी’च्या डोक्यावर जाऊन बसलेला. दिग्रसमधला ‘ग’च्या अंगाला तिरकी रेघ होऊन चिकटलेला. आणि ही तिन्ही गावं ज्या मुलखात आहेत त्या वऱ्हाडात तर चौथीच तऱ्हा: ‘ह’च्या अलीकडे एक बारीक, वळणदार, आडवी रेघ.

आपण हे शाळेत पहिली-दुसरीत शिकलो आणि विसरून गेलो. हात आपोआप लिहितो. पण तुमच्या खिशातल्या फोनला हे कोणी शिकवलं?

मी यवतमाळला कम्प्युटर सायन्स शिकतो. या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा वाट पुणे, टोरंटो, पॅरिस अशी फिरून शेवटी पैनगंगेच्या पलीकडे, इथून हाकेच्या अंतरावरच्या आदिलाबाद जिल्ह्यात पोचली. सगळ्यात मोठं नवल म्हणजे या वाटेवरचं जवळजवळ प्रत्येक दार उघडं होतं. कोणाची परवानगी नाही, पैसे नाहीत. आत जा, बघा, वाचा, हवं तर दुरुस्तही करा.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करू. फोनच्या आत एकही अक्षर नसतं, असतात ते फक्त आकडे. तुम्ही ‘वऱ्हाड’ टाइप करता तेव्हा आत साठतं ते असं: २३५७, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७. सहा आकडे. व, ऱ, मग पाय मोडायची खूण म्हणजे हलन्त, मग ह, मग काना, मग ड. काना आणि हलन्त यांनाही स्वतंत्र आकडा आहे, हे लक्षात आलं का? आपल्याला ‘ऱ्हा’ हे एक अक्षर वाटतं, फोनला ते चार वस्तूंचं गाठोडं वाटतं.

या आकड्यांच्या जगभरच्या यादीचं नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. देवनागरीला तिच्यात २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं मिळाली. तीही एकदम भरली नाहीत. आपण ‘ॲप’ आणि ‘ॲडमिशन’ सर्रास लिहितो ना, त्यातल्या ‘ॲ’ला स्वतःचं घर मिळायला २००८ उजाडलं. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून भागवावं लागायचं.

आता हे आकडे एका फोनमधून दुसऱ्या फोनकडे निघतात. मेमरीत किंवा तारेतून जाते ती बाइट, आणि एका बाइटमध्ये जास्तीत जास्त २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. २३५७ कसा मावणार? तो तीन बाइटमध्ये तोडून भरतात. पण मग पुढचा पेच: लाखो बाइटची रांग धडधडत येत असताना एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे कसं कळायचं? सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघा प्रोग्रामरनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, जेवणाच्या टेबलावरच्या कागदी मॅटवर याचं उत्तर लिहिलं. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेवरून ते झटकन समजतं. समजा, इंजिनाच्या कपाळावरच लिहिलंय की ही गाडी एकूण किती लांबीची, आणि मागच्या प्रत्येक डब्यावर लिहिलंय की मी डबा आहे, इंजिन नाही. मग तुम्ही रुळाशेजारी कुठेही, कितीही उशिरा येऊन उभे राहा. एखादा डबा समोरून गेला की कळतं, आपण मधेच आलोय. पुढचं इंजिन दिसेपर्यंत थांबायचं. ‘व’ची पहिली बाइट १११००००० अशी आहे. सुरुवातीचे तीन एक म्हणजे तिघांची गाडी. पुढच्या दोन्ही बाइट १० ने सुरू होतात: आम्ही डबे. झालं! एवढंसं तंत्र, आणि आज वेबवरची बहुतेक सगळी पानं याच पद्धतीने धावतात. तिचं नाव यूटीएफ-८. ‘वऱ्हाड’ या चिमुकल्या शब्दाला तिच्यात १८ बाइट लागतात.

(साध्या एसएमएसची पद्धत वेगळी आहे. त्यात १४० बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत दाबून १६० बसतात, मराठी मात्र ७०च. तुमचा मराठी एसएमएस दोनाच्या भावाने का जातो, त्याचं उत्तर हे.)

पण २३५७ म्हणजे ‘व’, हे ठरवलं कोणी?

इथे गोष्ट आपल्या देशात येते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं भारतीय लिप्यांचं काम, त्यातून इस्की नावाचं मानक तयार झालं. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी करताना इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीचाच आधार घेतला. त्या मंडळींनी एक विलक्षण गोष्ट हेरली होती. देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड, मल्याळम, सगळ्या लिप्या दिसायला वेगवेगळ्या, पण आजी एकच: ब्राह्मी. वर्णमालेचा क्रम तोच. क, ख, ग, घ. मग आकडेही त्याच क्रमाने का देऊ नयेत?

आणि खरंच तसे दिले. म्हणून देवनागरी ‘क’च्या आकड्यात १२८ मिळवले की बंगाली ‘क’ येतो. ३८४ मिळवले की गुजराती. ६४० मिळवले की तमिळ, ७६८ मिळवले की तेलुगू, ८९६ मिळवले की कन्नड. तमिळमध्ये ख, ग, घ ही अक्षरं नाहीत. म्हणून ‘ख’मध्ये ६४० मिळवले तर हाती येतं रिकामं घर! त्या घरात कोणी राहत नाही, पण पत्ता राखून ठेवलेला आहे. भाऊबंदांचा एवढा सरळ हिशोब तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिलाय?

आता खरी गंमत बघा. ‘वऱ्हाड’च्या सहाही आकड्यांत ७६८ मिळवू. ३१२५, ३१२१, ३१४९, ३१२९, ३१३४, ३१०५. हे आकडे स्क्रीनवर टाका. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे पैनगंगा ओलांडली की दुकानांच्या पाट्यांवर जी गोल गोल लिपी लागते, त्या तेलुगूत अख्खा ‘वऱ्हाड’ उमटतो. हलन्तासकट, कान्यासकट! ना शब्दकोश, ना भाषांतर करणारं महागडं यंत्र. फक्त एक बेरीज. पायथन नावाच्या मुक्त भाषेत हे एका ओळीचं काम आहे. मी ती ओळ लिहून चालवली तेव्हा आनंदाने खुर्चीवरून उठलोच. एक बेरीज केली आणि नदी ओलांडली!

त्यातल्या ऱ ची कहाणी आणखी नवलाची आहे. साधा र २३५२ वर आहे, आणि त्याच्या शेजारी २३५३ वर नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. मराठीचे चोचले पुरवायला तो तिथे ठेवलेला नाही. द्राविडी भाषांत एक वेगळा, कठीण र आहे. तो देवनागरीत दाखवता यावा म्हणून हे घर राखलं. मग मानक करणाऱ्यांनी मराठीची अडचणही त्याच घरात सोडवली: साध्या र ला हलन्त लागला की रफार व्हायचं, आणि या ऱ ला हलन्त लागला की वऱ्हाडातली आडवी रेघ व्हायची. ही रेघ हिंदीला लागत नाही, मराठीला मात्र तिच्यावाचून चालत नाही. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी. दोघांत फरक तेवढ्या रेघेचा. आणि तेलुगूत ७६८ मिळवल्यावर समोर येतो तो कोण? जुन्या तेलुगूतला तोच कठीण र.

म्हणजे वऱ्हाडाचं नाव बरोबर लिहायला द्राविडी अक्षर लागतं. ज्या जिल्ह्यात मराठीच्या शेजारी कोलामी आणि गोंडी या दोन द्राविडी भाषा आजही घराघरांत बोलल्या जातात, त्या जिल्ह्यातून हे बघताना मला फार आनंद होतो. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये कोलामीवर अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आपल्याला लागून असलेल्या वर्धा भागातल्या बोलीवरून.

आकडे आले. आता त्यांचं चित्र व्हायचं आहे. छापखान्यात पूर्वी हे काम कंपोझिटर करायचे; शेकडो खिळ्यांतून नेमका खिळा उचलून ओळ जुळवायचे. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ते काम हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. ‘दिग्रस’चे आकडे येताना आधी द येतो, मग वेलांटी. हार्फबझ म्हणतो, थांबा, ही वेलांटी पहिली, म्हणजे ऱ्हस्व. ती डावीकडे हवी. तो तिला उचलून ‘द’च्या अलीकडे नेतो. ‘आर्णी’त र आणि हलन्त दिसले की त्यांचा रफार करून ‘णी’च्या शेवटाला नेऊन ठेवतो. ‘वऱ्हाड’चे तो तीन तुकडे पाडतो: व, ऱ्हा, ड. मग फॉन्टला विचारतो, तुझ्याकडे ऱ आणि हलन्त यांचं जोडचित्र आहे का? असेल तर आडवी रेघ येते. एखाद्या फॉन्टमध्ये नसेल, तर पाय मोडलेला ऱ तसाच दिसतो; आणि टाइप करणाऱ्याने साधा र वापरला असेल, तर ‘वर्हाड’ असं काहीतरी केविलवाणं दिसतं. तुम्ही ते पाहिलं असेलच.

हार्फबझ घडवणारा मुख्य माणूस बेहदाद इस्फहबोद. जन्म इराणचा, पुढचं शिक्षण टोरंटोचं. फारसी अक्षरं स्क्रीनवर नीट जुळावीत ही त्याची तळमळ. फारसीसाठी धडपडणाऱ्या माणसाने केलेलं काम आज आर्णीचा रफार जागेवर बसवतं! क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडे हेच हार्फबझ आहे, आणि त्याचा सगळा कोड कोणीही वाचावा असा खुला आहे.

फॉन्टमधल्या अक्षराचं चित्र तरी कसं साठवतात? ठिपक्यांत नाही, वक्ररेषांत. ‘व’चं पोट म्हणजे मोजक्या बिंदूंमधून जाणारं एक समीकरण. म्हणून ‘व’ नखाएवढा करा की फ्लेक्सएवढा, कडा गुळगुळीतच राहतात. या वक्रांना ज्या पिएर बेझिए यांचं नाव आहे, ते फ्रान्सच्या रेनो कंपनीत मोटारींच्या पत्र्यांची वळणं आखत होते. मोटारीच्या बॉनेटचं गणित आपल्या ‘व’च्या पोटात! मग फ्रीटाइप नावाचा, १९९६ पासून चालत आलेला, तोही मुक्त असलेला प्रोग्राम त्या वक्रांचे ठिपके करतो. स्क्रीन सहसा सेकंदाला साठ वेळा तरी नव्याने रंगते. आत्तापर्यंत सांगितलेली सगळी धावपळ अशा दोन रंगवण्यांच्या मधल्या वेळात उरकते.

फॉन्टही मुक्त असतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ असे आहेत. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या लोकांनी जोपासलेला ‘लोहित’ तसाच. ते वापरा, उघडून वळणं बदला, नव्या नावाने पुन्हा वाटा.

युनिकोडआधी काय होतं? सेतू केंद्रात किंवा टायपिंग सेंटरवर जुने मराठी दस्तऐवज पाहिलेत का? त्या काळचे फॉन्ट लबाडी करायचे. आतला आकडा इंग्रजी अक्षराचा, वरचं चित्र मराठीचं. फॉन्ट बदलला की शेतीच्या अर्जाची इंग्रजी अक्षरांत भेळ. आणि प्रत्येक कंपनीची लबाडी निराळी. एकीचा नकाशा दुसरीला ठाऊक नाही. त्या फायलींत आज ‘वऱ्हाड’ शोधा, सापडत नाही, कारण तो शब्द तिथे कधी नव्हताच. होतं ते फक्त त्याचं चित्र. आपल्या भाषेतली वर्षानुवर्षांची टाइप केलेली कागदपत्रं अशी कुलपात पडून राहिली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, ती अशा कुलपांच्या विरोधात. त्याचं म्हणणं चार वाक्यांत मावतं. प्रोग्राम कशासाठीही वापरता आला पाहिजे. आत काय चाललंय ते वाचता आलं पाहिजे. बदलता आला पाहिजे. मूळ असो वा बदललेला, दुसऱ्याला देता आला पाहिजे. त्याचा जीपीएल परवाना यात एक जबरदस्त मेख मारतो: तुम्ही यात भर घालून पुढे वाटलंत, तर तुमची भरही खुलीच वाटावी लागेल.

आणि हे सगळं उभं करणारे कोण होते? फार वेळा आमच्यासारखी शिकणारी पोरं. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरव्हाल्ड्सने कळवलं की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. पुढच्या वर्षी त्याने ती जीपीएलखाली आणली. आज प्रत्येक ॲन्ड्रॉइड फोनच्या तळाशी तोच लिनक्सचा गाभा धडधडतोय.

किंवा लग्नाचे व्हिडिओ बघायला आपण वापरतो तो व्हीएलसी घ्या. पॅरिसच्या एकोल सांत्राल या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवं होतं, गेम खेळायला. तसं सांगून कोण देणार? त्यांनी १९९६ मध्ये उपग्रहावरचा टीव्ही नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोचवायचा प्रकल्प हाती घेतला. त्यातून व्हीएलसी जन्माला आला आणि १ फेब्रुवारी २००१ ला जीपीएलखाली खुला झाला. त्याच्या चिन्हावरचा तो नारिंगी शंकू? तिथली पोरं रस्त्यावरचे शंकू जमवायची, म्हणून.

व्हीएलसी काय सोसतो ते तरी बघा. पूर्ण एचडी चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट! मिनिटाला नऊ जीबीच्या वर. मग एका मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जातो कसा? कपाशीच्या शेताचा व्हिडिओ काढलात तर आभाळ पुढच्या चित्रातही तेच असतं. ते पुन्हा कशाला पाठवायचं? हललेली पानं तेवढी पाठवायची. आणि एकेका चित्रातही डोळ्याला न जाणवणारे बारकावे गणिताने वेगळे काढून टाकायचे. हे वेगळं काढायचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यासाठी पैसे नाकारले. त्यांनी तरीही ते तडीस नेलं, आणि १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासोबत प्रसिद्ध केलं. तुमच्या गॅलरीतला प्रत्येक जेपीईजी फोटो त्यावर उभा आहे.

आमच्याकडे कम्प्युटर शिकवतात म्हणजे बरेचदा कुठलं बटण कुठे आहे ते शिकवतात. बटणं दर दोन वर्षांनी जागा बदलतात. वर सांगितलेलं काहीच बदलत नाही, आणि ते बघायला साध्या जुन्या लॅपटॉपपलीकडे काही लागत नाही. माझं ठाम मत आहे की हे नववीच्या वर्गात शिकवता येईल. ७६८ ची बेरीज तर पाचवीतही.

आता पैनगंगेपलीकडची ती गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडी भाषेच्या स्वतःच्या लिपीतली जुनी हस्तलिखितं निघाली. त्याआधी, १९१८ मध्ये, बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी एक वेगळीच लिपी रचली होती. दोन्ही लिप्यांचे युनिकोडसाठीचे प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी लिहिले. मसराम गोंडी २०१७ मध्ये यादीत आली, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. मसराम लिपीची घरं ७३०५५ वर संपतात आणि ७३०५६ पासून गुंजाळा सुरू होते; दोघी शेजारणी. हे आकडे इतके मोठे आहेत की त्यांना तिघांची गाडी पुरत नाही. पहिली बाइट चार एकांनी सुरू होते: चौघांची गाडी. आणि १९९२ साली त्या कागदी मॅटवर ठरलेल्या रीतीत तिलाही जागा होती.

दोन्हींसाठी ‘नोटो’ मालिकेतले मुक्त फॉन्ट आहेत. ते टाकले की रिकाम्या चौकोनांच्या जागी अक्षरं येतात. मसराम लिपीत तर रफाराला स्वतःचा आकडा दिलाय. 

फॉन्टनंतर लागतो कीबोर्ड. कीमॅन नावाच्या मुक्त साधनात तो कोणालाही बनवता येतो: कुठल्या कळीला कुठला आकडा, एवढी यादी एका फाइलमध्ये लिहायची. भारतीय लिप्यांच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत क ची कळ मराठीला आणि तेलुगूला एकच आहे, म्हणून गोंडीचा क ही तिथेच ठेवावा असं मला वाटतं. केळापूर, झरी जामणी, घाटंजी या तालुक्यांतली गोंडी बोलणारी मुलं आमच्या वर्गात आहेतच. कुठली कळ कुठल्या बोटाला सोयीची, हे त्यांनीच ठरवायचं आहे. यादी लिहायला मी तयार आहे.